टोकाला हात लावायचा नाही

अण्णा, काल मी एका माणसाला काठीनं मारलं. हळू नाही, चांगलं सणकून, मनगटाच्या जरा वर. त्याच्या हातातली वायर खाली पडली आणि तो "अरे बाप रे, अम्माजी!" म्हणत दोन पावलं मागे सरला. पंच्याऐंशीला टेकलेली म्हातारी मारेल असं कुणाला वाटतं? तुम्हाला वाटलं असतं. तुमचाच हात तो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आपल्या घरात तर ती मेल्यावरही जात नाही, पुढच्याच्या हातात उतरते. तुम्हाला जाऊन साठ वर्षं होत आली आणि मी अजून मारतेय.

झालं काय ते सांगते. मी आता माधव नगरात एकटी राहते. आता टेलिफोन तांब्याच्या तारेतून येत नाही, अण्णा, काचेच्या धाग्यातून येतो. केसाएवढा धागा, आणि आत वीज नाही, उजेड धावतो. तुमचा विश्वास बसणार नाही, माझाही बसला नव्हता. त्या उजेडातून मी रोज संध्याकाळी माझ्या नातीशी बोलते, तिचं तोंडही दिसतं. तर आठवड्यात तिसऱ्यांदा ते बंद पडलं. कंपनीचा माणूस आला. चांगला मिशीवाला, दोन लेकरांचा बाप असेल. त्यानं भिंतीवरच्या डबीतून धाग्याचं टोक उपसलं, तोंडाजवळ नेलं, फू करून फुंकलं, शर्टाच्या बाहीला घासलं आणि परत खुपसायला निघाला. मी खुर्चीत होते. काठी कधी उचलली मला कळलंच नाही.

"फूंकता क्यों है रे? थूक जाता है उसमें!" मी ओरडले. तो मनगट चोळत उभा. "अम्माजी, सब ऐसे ही करते हैं, कुछ नहीं होता." म्हटलं, "कुछ नहीं होता? और ये शर्ट? सुबह पोहे खाके हाथ किसमें पोंछा था?" त्यानं बाहीकडे पाहिलं. पिवळा डाग होता. मग बिचारा हसला. दुसरा कुणी असता तर शेजारपाजार गोळा केला असता, यानं विचारलं, "आपको कैसे पता ये सब?" मी म्हटलं, "मेरे बाप ने मार-मार के सिखाया."

मग त्यानं पिशवी उघडली. आत सगळं होतं हो! प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा न फोडलेलं. "साहब लोग देते हैं, पर टाइम किसके पास है," म्हणाला. एक पेनासारखं, टोकावर दाबलं की टक्क वाजतं आणि आतली फीत पुसत फिरते. एक मऊ कापडाची गड्डी, जिचा धागा सुटत नाही. स्पिरिटची बाटली. आणि एक छोटी खुर्दबीन, बारीकसं मोठं करून दाखवणारी, तिच्यातलं डोळा लावून बघायचं नाही, बाजूच्या पडद्यावर दिसतं. मी वाकून धाग्याच्या टोकात बघायला गेले तर आता तो माझ्यावर ओरडला, "आँख मत लगाना! रोशनी दिखती नहीं, पर आँख जला देती है." म्हणजे आमचं फिट्टंफाट झालं. त्यानं टोक खुर्दबिनीला लावलं. पडद्यावर करडं वर्तुळ, मधोमध बारीक ठिपका, आणि त्या ठिपक्यावर घाण. धुळीचा एक कण, दगडाएवढा दिसत होता, आणि भोवती त्याच्या फुंकरीचा ओला ओघळ. "बस इतना सा," तो म्हणाला, "बीच में इतना सा आ जाए तो लाइन गई."

मग त्यानं मला दाखवून दाखवून केलं, चिडून म्हणा की हौसेनं म्हणा. आधी बघायचं. मग कोरडं पुसायचं, एकाच दिशेनं, मागेपुढे घासायचं नाही. कापडाची एकदा वापरलेली जागा पुन्हा वापरायची नाही. कोरड्यानं गेलं नाही तर स्पिरिटचा एक थेंब, आणि लगेच कोरडं करायचं, नाही तर स्पिरिटचाच डाग बसतो. पुन्हा बघायचं. नुसता धागा पुसून भागत नाही, ज्या भोकात तो जातो ते भोकही पुसायचं, नाही तर तिथली घाण याला लागते. लावायचं नसेल तेव्हा टोपण घालून ठेवायचं. आणि टोकाला हात लावायचा नाही, कधीच नाही. तो बोलत होता आणि मी खुर्चीचे हात धरून बसले होते. शब्दाला शब्द तुमचं होतं, अण्णा. कुठल्या कंपनीनं त्याला शिकवलं देव जाणे, पण हे सगळं मी आपल्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून शिकले होते, बोटं सुजवून घेत.

तो गेल्यापासून ती जमीन डोळ्यांसमोरून हलत नाही. चुलीपाशी आई भाकरी थापतेय, आणि तुम्ही मिलमधून आणलेला एक जुना पितळी प्लग माझ्या हातात देताय. फळीला पाडलेलं एक भोक, बाजूला हरणाच्या कातड्याचा तुकडा, तुमचं ते दांडीचं भिंग, आणि मांडीवर काळा रूळ. कागदावर रेघा आखायचा रूळ, पण तुम्ही त्यानं रेघ कधी आखली असेल तर शपथ. "आधी बघ. मग पूस. मग परत बघ. मग लाव." मी परत बघायला विसरले की रूळ. मागेपुढे घासलं की रूळ. टोकाला बोट लागलं की दोन. आई म्हणते, "अहो, लग्नाची पोर आहे, बोटं मोडाल तिची." तुम्ही म्हणता, "बोट मोडलं तर जुळतं. लाइन मोडली तर माणूस मरतो." भाकरी करपते.

हेही खरं, की माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांशी उभा दावा मांडलात. संस्थान विलीन झालं होतं, ग्वाल्हेरचा हुकूम जाऊन मध्य भारताचा आला होता, जुनी माणसं कुठे कुठे पांगत होती. मिलच्या टेलिफोन बोर्डावर बसणारा ऑपरेटर नोकरी सोडून गेला. बोर्डाची दुरुस्ती तुमच्याकडे होतीच. तुम्ही सरळ मॅनेजरसाहेबांना जाऊन सांगितलंत, माझी मुलगी मॅट्रिक आहे, ती बसेल. एकोणीस वर्षांची होते मी. धाकटे काका फ्रीगंजातून तावातावानं आले आणि ओसरीवर उभं राहून म्हणाले, "मिलमध्ये पोरगी बसवलीस, उद्या बाजारात बसव." पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघालाच नाही. तुम्ही त्यांच्या अशी कानाखाली वाजवलीत की टोपी उडून तुळशीपाशी पडली. मी दाराआडून बघत होते आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या बापासारखा बाप नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डावर माझी पहिली चूक झाली आणि तोच हात माझ्यावर चालला.

तो बोर्ड आठवतो ना? पन्नास भोकं, पुढे टेबलात उभे ठेवलेले दोरीचे प्लग, त्यांची पितळी टोकं वर. कुणी रिसीव्हर उचलला की त्याच्या नंबराची पत्र्याची झडप टप्पकन पडायची. सगळ्यात वरच्या ओळीत दोन भोकं बाहेरच्या लाइनींची. त्या दोन लाइनी म्हणजे मिलचं जगाशी नातं. ठाणं तिथून, दवाखाना तिथून, स्टेशन तिथून. तुम्ही मला शंभरदा सांगितलं असेल, आतल्या लाइनी घाण झाल्या तर साहेब शिव्या देईल, पण या दोन घाण झाल्या तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

खंडेनवमीची सकाळ. मिलमध्ये सकाळपासून धामधूम, खात्याखात्यात मशिनी धुऊन पुसून ठेवलेल्या, झेंडूचे हार, नारळांचे ढीग. मी बोर्डावर बसलेले. एका प्लगवर कापसाचा तंतू दिसला, मिलमध्ये कापूस कुठे नसतो, आणि मी तो फुंकला. माझ्या मागे तुम्ही उभे होता आणि तुमच्यासोबत टाइमकीपर. माझा हात टेबलावर होता, रूळ खाली आला. मधल्या बोटाच्या पेरावरची कातडी फाटली, रक्त आलं. टाइमकीपर तोंड फिरवून हसला. "फुंकायला चूल आहे घरी," तुम्ही म्हणालात, आणि रूळ बगलेत मारून विणाई खात्याचा टेलिफोन बघायला निघून गेलात. अण्णा, मार मला नवा नव्हता. पण त्या माणसासमोर? मला साहेबांनी नेमलेली ऑपरेटर म्हणत होते हो लोक! मी बोट तोंडात धरून बसले.

तेवढ्यात बाई-माणूस म्हणून कुणीतरी पूजेचं ताट माझ्या खोलीत आणून दिलं. "बिटिया, अपनी मशीन की पूजा कर लो." तुमचा नियम मला पाठ होता. नमस्कार लांबून करायचा, कुंकू लावायचंच तर बोर्डाच्या लाकडाला लावायचं, पितळेला देवाचंसुद्धा बोट लागता कामा नये. मी ताट घेतलं. तेलात कालवलेलं कुंकू होतं, घट्ट. मी एकेका प्लगला कुंकू लावलं, वीसच्या वीस. मग बाहेरच्या दोन लाइनींचे प्लग, म्हणजे मानाचे, त्यांना पुन्हा एकदा लावलं. मग तुमच्या वहाणा वाजल्या असं वाटलं, मी घाबरले, पदरानं भराभर सगळं पुसलं, आणि पुसलं गेलं का ते बघायला ते दोन प्लग त्यांच्या भोकांत दोनदा-तीनदा आतबाहेर केले. प्लग चकचकीत दिसले. मला वाटलं, झालं साफ. कुंकू आत गेलं होतं.

तुम्ही नव्हताच, दुसराच कुणी होता. आणि दुपारी पूजा उरकून मशिनी सुरू केल्या तेव्हा पिंजण खात्यात एका माणसाचा हात मशिनीत गेला. कोपरापर्यंत नाही, खांद्यापर्यंत. मी ती किंकाळी टेलिफोनच्या खोलीत ऐकली, तीन भिंती ओलांडून आली ती. मग फडकी घेऊन लोक धावताना दिसले, त्याला मिलच्या ट्रकमधून नेलं, बाहेरची लाइन त्या गडबडीत कुणी मागितलीच नाही, आणि दिवेलागणीला तो गेला. तिशीचा होता. मशिनीवरचं झाकण महिनाभर तुटलेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनाही. मिल बंद केली. मॅनेजरसाहेबांनी फक्त तुम्हाला आणि मला सांगितलं, उद्या दसरा असला तरी बोर्ड सोडायचा नाही.

दसऱ्याच्या सकाळी लोक आले. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. देवास गेटच्या बाजूनं आधी आवाज आला आणि मग माणसं, हातात काठ्या, सळया, मागाचे लाकडी धोटे, काहींच्या हातात नुसत्या विटा. पुढे त्या मेलेल्या माणसाचा भाऊ होता, उघडाच, डोकं भादरलेलं. मी आज त्यांना दोष देत नाही, तेव्हाही दिला नाही. त्यांचा माणूस मशिनीनं चावून टाकला होता. पण त्या वेळी माझी पाचावर धारण बसली. फाटकाची झडप टप्पकन पडली. मी प्लग लावला. म्हातारा चौकीदार रडत ओरडत होता, "बिटिया, थाने लगाओ! जल्दी लगाओ, ये लोग मार डालेंगे!" मागे लोखंड लोखंडावर आपटत होतं.

मी बाहेरच्या पहिल्या लाइनीत प्लग घातला. काही नाही. मुकी. दुसऱ्या लाइनीत घातला. कडकड, खरखर, मग काही नाही. मी प्लग पिरगाळला, दाबला, परत घातला. "हॅलो, हॅलो," मी वेड्यासारखी ओरडत होते. तुम्ही मला खांद्याला धरून बाजूला ढकललंत, प्लग उपसलात, भिंगाखाली धरलात. टोकाच्या खाचेत लाल होतं. वाळलेलं, पापुद्रा धरलेलं. तुम्ही कातड्याची पट्टी भोकात घालून ओढलीत, ती लाल होऊन बाहेर आली. भोकातली पितळेची पट्टी कुंकवानं माखली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रूळ टेबलावर होता, तुमच्या हातापासून वीतभर. मी मान खाली घातली आणि वाट पाहिली. तुम्ही मारलं नाहीत, अण्णा. तेव्हा मारलं असतंत तर बरं झालं असतं.

खिडकीची काच फुटली. वीट बोर्डावर आदळून खाली पडली. खालून चौकीदाराचा आवाज एकदा आला आणि मग आला नाही. तुम्ही पट्टी माझ्या हातात दिलीत. आवाज अगदी साधा होता, स्वयंपाकघरातल्यासारखा. "एकाच दिशेनं ओढ. दर वेळी नवी जागा घे. परत बघ. घाई करू नकोस. तोवर मी ठाण्यावर चालत जातो." मी म्हटलं, "अण्णा, नका जाऊ." तुम्ही जिना उतरलात.

मी पट्टी ओढली. लाल. दुसरी जागा. लाल. खिडकीतून दिसत होतं, ते मी बघितलं, दोन्ही करत होते, पुसत होते आणि बघत होते. तुम्ही मागच्या दारानं बाहेर पडून भिंतीच्या कडेनं चाललात. पन्नास पावलं गेला असाल. कुणीतरी ओरडलं, "मैनेजर का आदमी है!" आधी एक काठी पाठीत बसली. तुम्ही वळलात, हात वर केलात, समजावायला वर केलात, मला माहीत आहे, पण खिशातून तुमची दुरुस्तीची पक्कड बाहेर आली होती आणि त्यांना ते हत्यार वाटलं. मग ते तुटून पडले. काठ्या, लाथा. धोट्याचं लोखंडी टोक तुमच्या कपाळावर बसलं आणि रक्त डोळ्यांवर आलं. तुम्ही खाली पडलात. एकानं तुमचा उजवा हात धरून दगडावर आपटला आणि दुसऱ्यानं वीट उचलली. "इसी हाथ से तार जोड़ता है, साला!" एकदा नाही. मी मोजलं नाही. पट्टी ओढत होते, गुलाबी, फिक्कट, आणि मग पांढरी आली. मी भिंगानं बघितलं. स्वच्छ होतं. मी प्लग लावला आणि पलीकडून शांत, झोपाळू आवाज आला, "जी, नंबर?"

पोलीस आले, गर्दी पांगली, लाठ्या चालल्या, ते सगळं मला धूसर आठवतं. तुमचा हात आठवतो. दवाखान्यात गुंडाळलेलं फडकं काढलं तेव्हा बोटं बोटांसारखी नव्हती. चौकीदार वाचला, पण त्याला एका कानानं पुढे कधी ऐकू आलं नाही.

चौकशी झाली तेव्हा मी दाराबाहेर बाकावर बसले होते. दार उघडं होतं. साहेबांनी विचारलं, पहिला फोन का लागला नाही? तुम्ही डोक्याला, हाताला पट्ट्या बांधलेले, उभे. तुम्ही म्हणालात, "बोर्डाची साफसफाई माझ्याकडे आहे. माझ्याकडून राहिली." एवढंच. त्यांनी तुम्हाला काढून टाकलं. तशीही त्या हातानं तुमची नोकरी राहिली नसती, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं! मला मात्र ठेवलं. साहेब म्हणाले, पोरीनं डोकं शांत ठेवून लाइन लावली. मला शाबासकी मिळाली, अण्णा. मी ती घेतली. त्या खुर्चीवर पुढे सत्तावीस वर्षं बसले.

त्या संध्याकाळी मी ताटावर होते. स्वयंपाकघरात मधे नुसता फडताळाचा आडोसा. पलीकडे आई तुम्हाला भात कालवून भरवत होती. आई रडत म्हणाली, "कार्टीनं घात केला. तोंड का नाही उघडलं तिनं साहेबापुढे?" आणि तुम्ही म्हणालात, "तिला बोलू नकोस काही. देवाचं केलं पोरीनं. खंडेनवमीला श्रद्धेनं दोन बोटं कुंकू लावलं, घसरून टोकाला लागलं असेल. श्रद्धेच्या चुकीला काय मारायचं?" माझ्या हातात घास होता. तो तसाच राहिला. उठून आडोशापलीकडे जायला चार पावलं होती. मी गेले नाही. घास गिळला.

त्यानंतर तुम्ही मला कधी मारलं नाही. उजवा हात गेला म्हणून नाही, डावा चांगला होता की, कुत्र्याला दगड तुम्ही डाव्यानंच मारत होता. उलट देवाधर्माला न मानणारे तुम्ही, दरवर्षी खंडेनवमीला मला विचारायचात, "पूजा केलीस का गं बोर्डाची? लाकडाला लाव हो." किती मऊ आवाजात! मला तो रुळापेक्षा लागायचा. तुम्ही दारात बसून गावातल्या पाट्या बदललेल्या सांगायचात. आधी संस्थानच्या होत्या, मग मध्य भारताच्या झाल्या, मग मध्य प्रदेशच्या व्हायला लागल्या. "वरून रंग मारतात लेकाचे," म्हणायचात, "खालचं जुनं कुणी खरवडत नाही." त्या नव्या पाट्यांचा रंग वाळायच्या आत तुम्ही गेलात. जाण्याआधी डाव्या हातानं भिंग माझ्यापुढे सरकवलंत. म्हणालात, "तुझं आहे. माझ्यापेक्षा तुझा हात हलका." मी भिंग घेतलं. तेव्हाही बोलले नाही.

काल तो मिशीवाला जाताना म्हणाला, "अम्माजी, आपके पिताजी बड़े सख़्त रहे होंगे." मी म्हटलं, "थे. फिर नहीं रहे." त्याला काय कळणार. त्याच्या मनगटावर वळ उठला होता, मी त्याला हळद-तेल दिलं आणि चहा पाजला. पडद्यावर त्यानं मला धाग्याचं टोक शेवटचं दाखवलं, करडं वर्तुळ, मधे ठिपका, आणि त्यावर काही नाही. मी बराच वेळ बघत राहिले. त्याला वाटलं मला दिसत नाहीये, तो पडदा जवळ आणत राहिला.

आता सकाळ आहे. अक्षर वाकडं येतंय, मी तुमचंच भिंग धरून लिहितेय. हे पत्र लिहून झालं की भिंगाच्या डब्यात घडी करून ठेवणार, पाठवायचं तरी कुठे. मुलांना सांगण्यासारखं नाही, आणि नात म्हणेल, आजी, इतक्या वर्षांचं काय धरून बसलीस. पण तुम्ही म्हणायचात, पुसण्याआधी बघ. म्हणून बघतेय.

ते घसरलं नव्हतं, अण्णा. श्रद्धेनं तर मुळीच नव्हतं. माझं पेर फाटलं होतं, टाइमकीपर हसला होता, आणि तुम्ही पाठ फिरवून गेला होतात. मी प्लग हातात घेतला, तुमचा नियम तोंडानं म्हटला, टोकाला हात लावायचा नाही, आणि बोट कुंकवात बुडवून टोकालाच लावलं. बाहेरच्या दोन लाइनींना तर दोनदा लावलं, कारण त्या तुमच्या सगळ्यात लाडक्या होत्या.